कॉन्फिग माझी, फोल्डर परक्याचं: एडिटर घडवणाऱ्यांना खुलं पत्र

विम, निओविम, इमॅक्स आणि व्हीएस कोड सांभाळणाऱ्या सर्व मंडळींस,



मी पेशाने प्रोग्रामर आहे. माझा कामाचा बहुतेक वेळ तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या एडिटरमध्ये जातो. सर्व्हरवर विम, टीमच्या प्रोजेक्टसाठी व्हीएस कोड, स्वतःच्या कोडसाठी निओविम आणि मराठी मजकूर लिहायचा असला की इमॅक्स, कारण त्यात देवनागरी इनस्क्रिप्टची सोय मुळातच आहे. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत तुमची साधनं वापरणारे असंख्य लोक मराठी बोलतात आणि आपल्या लॅपटॉपवर काय चालावं, काय चालू नये हा प्रश्न त्यांचाही आहे. तुमच्याशी बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलावं, असं वाटलं.

प्रश्न असा की, एडिटरने कोणत्या फाइलीचं ऐकायचं?

एक फाइल माझी असते. विमची विमआरसी, निओविमची इनिट डॉट लुआ, इमॅक्सची इनिट डॉट ईएल. ती एकेक ओळ करत वर्षानुवर्षं जमत आलेली असते. तिच्यात मी हवं ते करीन. कळा बदलीन, सेव्ह केल्या केल्या फाइल सर्व्हरवर पाठवीन, शेल कमांड चालवीन. दुसरी फाइल कुणाचा तरी कोड आणला की त्याच्याबरोबर येते. प्रोजेक्टमधलं डॉट-व्हीएसकोड फोल्डर, इमॅक्सची डिर-लोकल्स, विमची स्थानिक एक्सआरसी, नाहीतर खुद्द मजकुराच्याच फाइलीत वर-खाली लिहिलेली सेटिंगची ओळ. दोन्हींची भाषा एकच, पुष्कळदा नावही एकच, त्यामुळे दोन्हींना आपण कॉन्फिग म्हणतो आणि एकच नियम लावायला बघतो. सगळा घोळ इथे होतो. सुरक्षेची काळजी वाहणारे दोन्हींना कुलूप घालू पाहतात, स्वातंत्र्याची चाड असणारे दोन्हींना मोकळं सोडू पाहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वातंत्र्य कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाचं असतं. त्याने उघडलेल्या फाइलीला ते आपोआप मिळत नाही.

ही गोष्ट जुनी आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात व्हीआय लिहिला. व्हीआयमध्ये मोडलाइन नावाची सोय आली. फाइलीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत ठरावीक खूण करून कमांड लिहिली की फाइल उघडताच एडिटर ती चालवायचा, मग ती कमांड कोणतीही असो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांपुढे आणला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तो जिवापाड सांभाळला. त्यांनी मोडलाइन ठेवली, पण तिला लगाम घातला. मोडलाइनमधून फक्त सेटिंग बदलता येईल, इतर कमांड चालणार नाहीत. साध्या मजकुराच्या फाइलीतून कुणी घातपात करू शकेल, हे कारणही विमच्या मदतीच्या पानांत नोंदलेलं आहे.

सोय म्हणून मोडलाइन मला आवडते. जुन्या सी फाइलीत टॅब आठ अक्षरांचा, दुसऱ्या कुणाच्या फाइलीत चार स्पेसचा, आणि हे फाइल स्वतःच सांगते. मला लक्षात ठेवावं लागत नाही. पण ‘फक्त सेटिंग आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे गृहीतक टिकलं नाही. २००२ मध्ये दिसून आलं की, मजकुराच्या घड्या कुठे घालायच्या हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये सूत्र लिहिता येतं आणि त्या सूत्रातून सिस्टिमची लायब्ररी बोलावून हवी ती कमांड चालवता येते. २०१६ मध्ये फाइलटाइप, सिन्टॅक्स आणि कीमॅप या तीन सेटिंगांत भोक सापडलं. त्यांना दिलेलं नाव विम तसंच्या तसं एका कमांडला जोडायचा, त्यामुळे नावाच्या जागी भलताच मजकूर दिला की तोही चालून जायचा. यातली कीमॅप म्हणजे परक्या लिपीत टाइप करण्यासाठी असलेली सेटिंग. त्या वेळी घाबरून ती मोडलाइनमधून काढून टाकणं सोपं होतं. तुम्ही तसं केलं नाहीत. नावात कोणती अक्षरं चालतील एवढंच तपासायला सुरुवात केलीत. सोय राहिली, भोक बुजलं. इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही फार समजूतदार दुरुस्ती होती.

जून २०१९ मध्ये जाहीर झालेला दोष मात्र सगळ्यांत बोलका आहे, म्हणून तो जरा जवळून पाहू. मोडलाइनमधलं सूत्र विम सँडबॉक्समध्ये चालवत होता, म्हणजे शेल, फाइलीत लिहिणं असल्या गोष्टींना तिथे मज्जाव. पण एका फंक्शनला आत वाव राहिला होता. एखादी कमांड फसते की नाही ते तपासणं हे त्याचं काम, आणि तपासायचं तर कमांड चालवावीच लागते. त्या फंक्शनमार्फत विमला सांगायचं, की हीच फाइल पुन्हा घे, आणि जणू कुणी कीबोर्डवर टाइप करतंय अशी वाच. तसं वाचायला लावणाऱ्या कमांडला सँडबॉक्सची तपासणी लावायची राहून गेली होती. मग फाइलीतली अक्षरं कळा दाबल्यासारखी रांगेत लागायची आणि सँडबॉक्स संपल्यावर मोकळ्यावर चालायची. मी फाइल उघडली, एकही कळ दाबली नाही, आणि माझ्या मशीनवर, माझ्या अधिकाराने, दुसऱ्याची शेल कमांड चालली. संशोधकाने दाखवलेल्या नमुन्यात आणखी एक कारागिरी होती. टर्मिनलला ओळी लपवायला लावणारे संकेत फाइलीत पेरलेले होते. त्यामुळे आधी कॅट कमांडने डोकावून पाहणाऱ्यालाही निरुपद्रवी मजकूरच दिसायचा.

सर्व्हरवर संशयास्पद फाइल सापडली की सर्व्हर सांभाळणारा माणूस काय करतो? ती विममध्ये उघडून बघतो. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठीच तो ती वाचत असतो. आलेलं पत्र वाचलं म्हणजे त्यातला हुकूम मानला असं होत नाही. मानायचा की फाडून टाकायचा हे वाचल्यावर ठरतं. एडिटरने ही पायरीच काढून घेतली तर माणसाकडे सावध राहण्याचं साधनच उरत नाही. माझ्या मते कॉन्फिगच्या सगळ्या वादात हा एक नियम वादापलीकडचा असावा. काहीही न चालवता, कशावरही विश्वास न ठेवता, कोणतीही फाइल कधीही उघडून वाचता आली पाहिजे.

तेव्हाची तुमची दुरुस्ती मला आजही नमुना म्हणून दाखवावीशी वाटते. आधी ८.१.१३६५ या पॅचने भोक बुजवलं. लगेच पुढच्या, ८.१.१३६६ क्रमांकाच्या पॅचने मोडलाइनमधल्या सूत्रांना वेगळी सेटिंग दिली, मोडलाइनएक्सपर नावाची. ती मुळात बंद असते. ज्याला सूत्रं हवीतच त्याने स्वतःच्या विमआरसीत ती सुरू करावी. आणि ही सेटिंग मोडलाइनमधून सुरू करता येत नाही. म्हणजे बाहेरून आलेल्या फाइलीला स्वतःचा पहारेकरी स्वतः हटवता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

याउलट वितरकांचा मार्ग पाहा. डेबियनने मोडलाइन सरसकट बंद करून टाकली, अॅपलने मॅकओएसबरोबर येणाऱ्या विममध्ये वाचायच्या ओळींची संख्या शून्यावर आणली. त्यांची भीती खरी होती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण परिणाम असा झाला की तीच फाइल एका मशीनवर नीट उघडते आणि दुसऱ्यावर टॅब विस्कटतात, आणि नवशिक्याला कारण सापडत नाही. मग तो कुठल्या तरी उत्तरातली ओळ चिकटवून सगळंच सुरू करून टाकतो. टॅबची रुंदी आणि शेल चालवू शकणारं सूत्र यांना एकाच बटणाला बांधलं की असं होणारच.

ही दोन टोकं सुटी करण्याचं काम सगळ्यांत नीट कुणी केलं असेल तर ते इमॅक्सने. माझ्या मराठी टिपणांच्या फाइलींच्या तळाशी स्थानिक सेटिंगांचा छोटा तुकडा आहे. एक ओळ सांगते, मजकुराची रुंदी ७० अक्षरं ठेव. दुसरी सांगते, फाइल उघडताच टायपिंग देवनागरी इनस्क्रिप्टवर आण. पहिल्या ओळीबद्दल इमॅक्सला काही विचारायचं नसतं, कारण रुंदीला आकडाच लागतो आणि आकड्याने कुणाचं वाकडं होत नाही, हे ती सेटिंग बनवणाऱ्यानेच इमॅक्सला सांगून ठेवलेलं असतं. दुसरी ओळ मात्र चालवायचा कोड आहे. त्यावर इमॅक्स थांबतो, पडद्यावर सेटिंगची नावं आणि त्यांच्या किमती मांडतो, ज्या ओळीची खात्री नाही तिच्यापुढे तारका काढतो आणि मग विचारतो, लागू करू का? मी ती एक ओळ, अक्षरन्‌अक्षर तीच, माझ्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये सुरक्षित म्हणून नोंदवली. आता तिच्याबद्दल इमॅक्स विचारत नाही. उद्या कुणी मला पाठवलेल्या फाइलीत तिच्यासारखीच दिसणारी पण एका शब्दाने वेगळी ओळ असली, तर इमॅक्स पुन्हा थांबेल.

मला हवं ते मिळालं, आणि परक्याला फुकट काही मिळालं नाही. सुरक्षितता की स्वातंत्र्य असा पर्याय माझ्यापुढे आलाच नाही.

अर्थात इमॅक्सचीही सगळी दारं बंद नव्हती. २०२४ मध्ये समजलं की इमॅक्स लिस्पची परकी फाइल नुसती उघडली आणि चुका शोधणारं फ्लायमेक चालू असलं, तर तपासणीच्या ओघात त्या फाइलीतले मॅक्रो उलगडले जातात, आणि मॅक्रो उलगडणं म्हणजे कोड चालवणंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ३०.१ आवृत्तीत याला उत्तर म्हणून विश्वासाच्या फाइलींची आणि फोल्डरांची यादी आली, जी वापरकर्त्याने स्वतः भरायची. मदत करणारी गोष्टसुद्धा पाहता पाहता कोड चालवू लागते, हे यातून दिसलं. आजच्या एडिटरमध्ये अशा मदतनीस गोष्टी ढिगाने आहेत. लिंटर, फॉर्मॅटर, लँग्वेज सर्व्हर, गिटची अवस्था दाखवणारी पट्टी. त्यांतली प्रत्येक गोष्ट फोल्डरमधली कुठली तरी कॉन्फिग वाचते.

आता फोल्डरमधल्या फाइलींकडे येते. विममध्ये एक्सआरसी ही सेटिंग सुरू केली की चालू फोल्डरमधली विमआरसीही वाचली जाते. मुळात ती बंद आहे आणि सुरू करू नका असं मदतीच्या पानांत बजावलेलंही आहे. तिच्या जोडीला सिक्युअर नावाची सेटिंग आहे, जी शेल आणि लिहिण्याच्या कमांड अडवते. पण युनिक्सवर ती केव्हा लागू होते? ती फाइल दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीची असेल तेव्हाच. यामागे विद्यापीठातला सामायिक संगणक आहे. पन्नास विद्यार्थी एकाच मशीनवर, आणि धोका शेजारच्या खात्याकडून. आज लॅपटॉपवर मी एकटी असते. धोका जालावरून येतो, आणि मी गिटने आणलेली प्रत्येक फाइल माझ्याच मालकीची होते. मालकी पाहून विश्वास ठरवणारा पहारेकरी अशा फाइलीला सलाम करून आत सोडतो.

निओविमच्या मंडळींनी २०२३ मध्ये ०.९ आवृत्तीत हा विचार मुळापासून बदलला, आणि त्यांचं मनापासून अभिनंदन करायला हवं. फाइल कुणाची हे न विचारता त्यांनी फाइलीत काय आहे ते धरलं. फोल्डरमध्ये स्थानिक कॉन्फिग सापडली की निओविम विचारतो, की दुर्लक्ष करू, उघडून दाखवू, नाकारू की चालू देऊ. होकार दिला की त्या मजकुराचा शा-२५६ ठसा नोंदवून ठेवतो. पुढे गिट पुल केल्यावर त्या फाइलीत कुणी एक ओळ जरी बदलली, तरी ठसा जुळत नाही आणि प्रश्न पुन्हा येतो. यातला ‘उघडून दाखवू’ हा पर्याय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. विश्वास मागणाऱ्याने आधी आपला कागद समोर ठेवायला हवा.

व्हीएस कोडच्या मंडळींनो, तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या आसपास नवीन कामाला लागणारी मुलं-मुली बहुतेक तुमचाच एडिटर वापरतात. २०२१ च्या मध्यावर तुम्ही वर्कस्पेस ट्रस्ट आणलंत. परकं फोल्डर मर्यादित मोडमध्ये उघडतं, त्यात टास्क, डीबगिंग आणि काही एक्स्टेन्शन बंद राहतात. वाचता मात्र सगळं येतं. हे अगदी योग्य झालं. मला खटकतो तो प्रश्न. तुम्ही विचारता, या फोल्डरमधल्या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? लेखक म्हणजे कोण? ज्या प्रोजेक्टला शेकडो लोकांचा हात लागला आहे त्यातल्या कुणाबद्दल मी बोलायचं? शिवाय हा प्रश्न काय चालणार आहे हे सांगतच नाही. फोल्डर उघडताच सुरू होणारं टास्क आत आहे की नुसता रंगसंगतीचा बदल आहे, हे माझ्यासमोर येत नाही. त्याच खिडकीत खाली एक चौकट असते, वरच्या फोल्डरमधल्या सगळ्याच गोष्टींवर विश्वास ठेवण्याची. घाईत असलेला माणूस तिथे एकदा टिचकी मारतो, आणि त्याच्या प्रोजेक्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये यापुढे येणारं प्रत्येक परकं फोल्डर विश्वासू ठरतं.

याचा फायदा घेणारे लोक आहेत. जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या थ्रेट अॅनालिसिस ग्रुपने उत्तर कोरियाशी संबंधित हल्लेखोरांची एक मोहीम उघड केली. ते सुरक्षा संशोधकांशी ओळख वाढवायचे, एकत्र काम करू म्हणायचे आणि व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट पाठवायचे. त्या प्रोजेक्टच्या फाइलीत बिल्डच्या वेळी चालणारी एक कमांड दडवलेली असायची. ज्यांचा पेशाच असे हल्ले ओळखण्याचा, त्यांच्यावर हा डाव टाकला गेला. पुढे ‘कन्टेजस इंटरव्ह्यू’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मोहिमेत हल्लेखोर नोकरी देणारे बनून आले. मुलाखतीचा भाग म्हणून कोडचं रिपॉझिटरी द्यायचं, चालवून दाखवा म्हणायचं. यातल्या काही रिपॉझिटरींत फोल्डर उघडताच सुरू होणारं व्हीएस कोडचं टास्क सापडलं. नोकरी शोधणाऱ्या मुलाची मनःस्थिती डोळ्यांपुढे आणा. पलीकडचा माणूस व्हिडिओ कॉलवर वाट बघतोय, वेळ मोजला जातोय, आणि पडद्यावर प्रश्न येतो, लेखकांवर विश्वास आहे का? नाही म्हणण्याचं धैर्य त्याला कुठून येणार? तो होच म्हणणार. त्याच खिडकीत ‘हे फोल्डर उघडताच पुढील कमांड चालेल’ असं लिहून ती कमांड दाखवली असती, तर निदान त्याचा हात थबकला असता.

इथे कुणी म्हणेल, मग अशी सोयच काढून टाका. फोल्डरला काहीही चालवू देऊ नका, विषय संपला. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण गिटच्या अनुभवात आहे. एप्रिल २०२२ मध्ये गिटने एक खराखुरा धोका बंद केला. दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत गिट काम करायलाच नकार देऊ लागलं, कारण रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये चालवायच्या प्रोग्रामचं नाव देता येतं, आणि टर्मिनलची किंवा एडिटरची पट्टी नुसती अवस्था विचारायला गेली तरी तो प्रोग्राम चालू शकतो. पण कंटेनर आणि बिल्ड सर्व्हर वापरणाऱ्यांकडे मालकी सर्रास वेगळी असते. त्यांची कामं अडली. प्रत्येक फोल्डरचं नाव सुरक्षित फोल्डरांच्या यादीत घालणं जमेना, म्हणून २.३५.३ या लगेचच्या आवृत्तीत एक फुली, म्हणजे ‘सगळंच सुरक्षित धरा’, ही सोय द्यावी लागली. ती ओळ आज कितीतरी सेटअप स्क्रिप्टांत डोळे झाकून चिकटवलेली दिसते. माणसाचं काम अडवणारी सुरक्षा माणूस बंद करून टाकतो, आणि बंद करताना तो मोजून-मापून करत नाही. म्हणून सूक्ष्म परवानगी ही मला चैन वाटत नाही. ती नसेल तर सुरक्षाही राहत नाही.

प्रोजेक्टच्या पातळीवर लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना कोड लागतच नाही. डॉट-एडिटरकॉन्फिग पाहा. टॅब की स्पेस, किती, ओळीचा शेवट कसा, शेवटची मोकळी जागा पुसायची का. नावं आणि किमती, बस. निओविमने ती मुळातच सुरू ठेवली आहे, आणि त्याबद्दल कुणाची झोप उडाल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण ती फाइल काही चालवूच शकत नाही. टीमच्या गरजा अशा निर्जीव फाइलीत बसवता येतील तितक्या बसवा, आणि खरा कोड फक्त उरलेल्या थोड्या गोष्टींसाठी, विचारून. माझ्या स्वतःच्या इनिट फाइलीला मात्र हा उपाय लावू नका. तिथे मला पूर्ण भाषा हवी. इमॅक्स आणि विम पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते प्रत्येकाला आपापला एडिटर घडवता आला म्हणून. देवनागरीसाठी मी जी जुळवाजुळव केली आहे तिचा विचार कोणत्याही कंपनीच्या सेटिंगच्या पानाने केला नसता.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. गेल्या काही वर्षांत तुमच्या एडिटरांत एआय सहायक आले आहेत, आणि ते फाइली नुसत्या वाचत नाहीत, लिहितातही. व्हीएस कोडमधल्या गिटहब कोपायलटचा एक दोष ऑगस्ट २०२५ मध्ये दुरुस्त झाला. कोडमध्ये किंवा एखाद्या पानावर दडवलेली सूचना सहायक वाचायचा, त्या सूचनेप्रमाणे फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहायचा, आणि त्या ओळीने यापुढे कोणतीही कमांड न विचारता चालवण्याची मुभा त्यालाच मिळायची. मग तो कमांड चालवायचा. मोडलाइनएक्सपर मोडलाइनमधून सुरू करता येत नाही, हे विमने २०१९ मध्येच ठरवलं होतं. तोच नियम इथे पाळला गेला असता, तर हा हल्ला पहिल्याच पायरीवर अडला असता. पहारा उठवणारी सेटिंग फोल्डरमध्ये असूच नये. ती माझ्या होममधल्या फाइलीतच असावी, आणि तिथे लिहायला सहायकालाही माझी परवानगी लागावी. ‘माझा सगळा पहारा उठवा’ असं मला म्हणायचं असेल तर ते म्हणण्याचा हक्क माझा आहे. माझ्या वतीने फोल्डरने ते म्हणू नये.

आणि एक धोक्याची सूचना, मराठी लिहिणाऱ्याच्या बाजूने. मार्च २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की एआय सहायकांसाठी लिहिलेल्या नियमांच्या फाइलींत न दिसणारी युनिकोड अक्षरं पेरून त्यांच्याकडून घातक कोड लिहून घेता येतो. तेव्हापासून न दिसणारी सगळीच अक्षरं गाळून टाका, अशी सूचना मी ऐकते. कृपा करून तसं करू नका. झिरो विड्थ जॉइनर हे असंच एक न दिसणारं अक्षर आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र लिहिण्याची एक रुळलेली पद्धत त्यावर चालते; तो गाळला की ‘दुसऱ्या’ची ‘दुसर्या’ होते, आणि असा बिघडलेला मजकूर आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. न दिसणाऱ्या अक्षरावर खूण करा, जसं व्हीएस कोडने २०२१ च्या अखेरीपासून सुरू केलं. ते अक्षर देवनागरीच्या शब्दात आहे की इंग्रजी सूचनेत हेही पाहा. ते ठेवायचं की पुसायचं हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठरवू द्या.

तर व्हीएस कोडच्या मंडळींना माझी विनंती अशी की लेखकांबद्दलच्या त्या प्रश्नाच्या जागी काय काय चालणार आहे त्याची यादी दाखवा, होकार मजकुराच्या ठशाला बांधा, आणि वरच्या फोल्डरवर विश्वास ठेवण्याची ती चौकट पहिल्या खिडकीतून काढून सेटिंगमध्ये हलवा. विमच्या मंडळींना विनंती की सिक्युअरमधला मालकीचा निकष आता बदला. निओविमची पद्धत तुमच्यासमोर आहे. इमॅक्सच्या मंडळींनी विश्वासाच्या यादीबद्दल नवशिक्याला समजेल असं एक पान लिहावं, कारण आज ती यादी आहे हेच पुष्कळांना माहीत नाही. मराठीत लिहायचं असेल तर ते काम मी आनंदाने करीन, मजकूर आणि पॅच दोन्ही पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या एडिटरांत रोज मराठी आणि कोड दोन्ही लिहिणारी एक प्रोग्रामर